भिंतीला ओल आली तर खर्च कोणाचा? घरविमा, सोसायटी आणि दुरुस्तीची वाट

२०२१ साली गणपतीच्या आधी साफसफाई करताना बेडरूममधलं कपाट पुढे ओढलं. मागची प्लाय काळी पडली होती, भिंतीचे पोपडे फरशीवर पडले होते, आणि खालच्या कप्प्यात मलमलीत गुंडाळून ठेवलेल्या आईच्या पैठणीवर बुरशीचे करडे ठिपके उठले होते. आमचं घर डोंबिवलीत, चार मजली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. ती भिंत पश्चिमेची.

त्या दिवाळीत मी रंगाऱ्याला बोलावून डॅम्पप्रूफ रंग मारून घेतला, ९,५०० रुपये. पुढच्या श्रावणात तो फुग्यासारखा सुटला. मग गिलावा खरवडून पुट्टी आणि पुन्हा रंग, १६,००० रुपये. नवीन कपाट ३८,०००. एवढे ६३,५०० रुपये गेले तोपर्यंत पाणी कुठून येतंय हे मी कोणाला विचारलंही नव्हतं. नंतर दोन विमा दावे केले. एक पूर्ण नाकारला गेला, एक बराचसा मंजूर झाला. ही सगळी वाट नव्याने चालणाऱ्यासाठी क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पाणी कुठून येतं हे कळल्याशिवाय पैसे कोणाकडे मागायचे हेच ठरत नाही.

१. रंगाऱ्याला बोलावण्याआधी पाण्याचा माग काढा

लागणारं साहित्य घरातलंच आहे: टॉर्च, पेन्सिल, अॅल्युमिनियम फॉइल, चिकटपट्टी, खायचा रंग आणि मोबाइलचा कॅमेरा.

ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि रेघेवर तारीख घाला. आठवड्याने पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. डाग पावसात वाढतो आणि उन्हाळ्यात सुकतो, की बारा महिने तेवढाच राहतो? या एका प्रश्नाने अर्धं उत्तर मिळतं. फक्त पावसात वाढत असेल तर पाणी बाहेरून येतंय: गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीभोवतीची फट किंवा छज्जा. आपल्याकडे मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना पावसाचा मारा सगळ्यात जास्त बसतो. बारा महिने ओल असेल तर संशय नळाच्या पाइपवर, सांडपाण्याच्या लाइनवर किंवा वरच्या बाथरूमवर.

बारमाही ओल असेल तर पुढची चाचणी अशी. घरातला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवा, बादल्या भरून काम भागवा. डाग सुकायला लागला तर तुमचीच दाबाची पाइपलाइन गळते आहे. फरक पडला नाही तर वरच्या शेजाऱ्यांना विनंती करा, त्यांच्या बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखाली सांडपाणी जातं तो भाग) खायच्या रंगाचं पाणी ओतू द्या.

आमच्या पॅसेजच्या छतालाही एक डाग होता. एका ठेकेदाराने वरच्या काकूंचं अख्खं बाथरूम फोडावं लागेल म्हणून ८०,००० रुपये सांगितले होते. काकू घाबरल्या आणि त्यांनी आमच्याशी बोलणंच कमी केलं. शेवटी मीच पिवळा रंग घेऊन वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छताच्या डागात मधोमध हळदीसारखं पिवळं वर्तुळ उमटलं होतं. गळती फक्त ट्रॅपच्या जोडाशी होती. जोड दुरुस्त करून भोवतालच्या टाइल्सच्या फटींत इपॉक्सी ग्राउट (पाणी न मुरणारं भराव) भरलं, ७,००० रुपयांत काम झालं.

तळमजल्यावर किंवा बैठ्या घरात ओल जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेली दिसते आणि भिंतीला लोणा लागतो, म्हणजे पांढरे क्षार फुलून येतात. हे जमिनीतलं पाणी भिंतीतून वर शोषलं जाण्याचं लक्षण. त्यावर नुसता गिलावा काढून चालत नाही.

फॉइल कशासाठी? डागावर वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा, दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूवर दव असेल तर ती खोलीतलीच दमट हवा आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवून आणि खिडकी उघडी ठेवून बरीच सुधारणा होते.

२. जबाबदारी कोणाची ते कागदावर ठरवा

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी (बाय-लॉज, म्हणजे सोसायटी चालवायचे नियम) याबाबत स्पष्ट आहेत. सोसायटीच्या कार्यालयातून उपविधींची प्रत मागा आणि दुरुस्ती व देखभालीचा उपविधी काढून वाचा (१५९ च्या आसपास असतो, आवृत्तीप्रमाणे क्रमांक मागेपुढे होतो). गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची. गच्चीतून पाणी झिरपून सर्वात वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला असेल तर तोही सोसायटीचा. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती संबंधित सदनिकाधारकाची.

म्हणजे माझ्या पश्चिमेच्या भिंतीची बाहेरून दुरुस्ती सोसायटीची होती. मला हे दोन वर्षं ठाऊकच नव्हतं, आणि कमिटीतल्या कोणी आपण होऊन सांगितलंही नाही. फोनवर किंवा जिन्यात भेटून बोलू नका. लेखी अर्ज द्या, सोबत तारखेसह फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. ही पोच पुढे विमा कंपनीपासून ग्राहक आयोगापर्यंत सगळीकडे कामी येते. आपण दरमहा दुरुस्ती निधी भरतो, तो याच कामासाठी असतो. उपविधींनुसार तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, शिवाय सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के. म्हणून अर्ज करताना संकोच नको.

घर नवं असेल तर आणखी एक दार उघडं आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. ताब्याची तारीख शोधा आणि पाच वर्षं संपायच्या आत लेखी कळवा. आमची इमारत जुनी, त्यामुळे मला याचा उपयोग नव्हता. पण माझ्या मावसबहिणीला नव्या घरात पहिल्याच पावसात ओल दिसली तेव्हा तिला मी आधी हेच करायला लावलं.

३. विमा कशाचे पैसे देतो ते नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते, तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. कंपनी कोणतीही असो, मूळ मसुदा एकच. तिच्यात घटनांची यादी असते: आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी तुंबणं, जमीन खचणं, दरड, वाहनाची धडक, दंगल, आणि आपल्या कामाची ओळ म्हणजे पाण्याच्या टाक्या, उपकरणं व पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं. या यादीतली अनपेक्षित घटना घडली आणि तिच्यामुळे नुकसान झालं, तरच पैसे.

आता त्यात शोधा: 'ओल' कुठे आहे? 'झिरपणं' कुठे आहे? नाही. भेगेतून वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी, जुना झालेला जोड, सैल पडलेला गिलावा, बुरशी हे कशातच बसत नाही. 'फुटणं' आहे, 'थेंबथेंब गळणं' नाही. माझा २०२३ चा पहिला दावा याच कारणाने गेला. मला त्या वेळी अन्याय झाल्यासारखं वाटलं. पॉलिसी शांतपणे वाचल्यावर कळलं की मी चुकीच्या दारात उभी होते. ते काम सोसायटीचं होतं.

याउलट २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं किंवा ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरच्या घरांची छपरं उडवली, अशा घटना थेट यादीत बसतात. पुरानंतर भिंतीत मुरलेली ओलही तेव्हा त्या घटनेचंच नुकसान असते. कोकणात, कोल्हापूर-सांगलीच्या पूररेषेजवळ किंवा मुंबईच्या सखल भागात राहणाऱ्यांनी तर घरविमा घ्यायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

४. पॉलिसी घेताना या गोष्टी तपासा

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा सध्याचा दर. उदाहरणार्थ ६०० चौरस फूट आणि दर ३,००० रुपये धरला तर १८ लाख. फ्लॅट ७० लाखांचा आहे म्हणून ७० लाखांचा विमा कोणी सुचवत असेल तर थांबा. जमिनीची किंमत वाहून जात नाही. या हिशेबामुळे हप्ताही हाताबाहेर जात नाही. माझा पहिल्या वर्षीचा हप्ता दोन हजारांच्या आत होता.

घराच्या रचनेचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ६० हजार होतं. दागिने आणि किमती कलावस्तू यांत येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा पर्याय घ्यावा लागतो. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामानाचा विमा घेता येतो.

गृहकर्ज असेल तर बँकेने गळ्यात घातलेली पॉलिसी बाहेर काढून वाचा. कित्येकदा तो आयुर्विमा असतो, घराचा नव्हेच. विमा बँकेच्याच कंपनीकडून घेण्याची सक्ती नसते. सोसायटीनेही इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवणं उपविधींनुसार आवश्यक आहे. त्याची प्रत मागा आणि त्यात पूर व पाइप फुटणं धरलंय का पाहा. तुमच्या गादीचा आणि कपाटाचा त्यात समावेश नसतो.

माझ्या लक्षात उशिरा आलेली बाब म्हणजे खालच्या मजल्याचं नुकसान. तुमचा पाइप फुटून खालच्यांचं छत भिजलं, तर मूळ पॉलिसी त्याचे पैसे देत नाही. त्यासाठी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचं जादा संरक्षण मागून घ्यावं लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ते मागावंच.

घरात आधीपासून ओल असेल तर प्रस्ताव अर्जात लपवू नका. घर महिनोन्महिने बंद राहणार असेल, मुलांकडे परदेशी जायचं असेल, तर तेही कंपनीला लेखी कळवा आणि जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

५. पाणी फुटलं त्या वेळी

नोव्हेंबर २०२४. पहाटे चारच्या सुमाराला शिट्टीसारखा आवाज आला. गीझरला पाणी नेणारा कनेक्शन पाइप फाटला होता आणि पाणी बेडरूमभर पसरत होतं. पलंगाच्या खालचे खण भरले, गादी भिजली, लाकडी फ्लोअरिंगच्या पट्ट्या फुगून वर आल्या. या वेळी मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण हा दावा मंजूर झाला.

आधी गीझरचा स्विच आणि घराचा मेन बंद, मग व्हॉल्व्ह. पाणी उपसायच्या आधी दोन मिनिटांचा व्हिडिओ: दारातून सुरुवात, फाटलेला पाइप जवळून, पाण्याची पातळी, प्रत्येक भिजलेली वस्तू. मग उपसलं. नुकसान वाढू न देणं ही विमा घेणाऱ्याची जबाबदारी असते, म्हणून सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला माणूस) येईपर्यंत पाण्यात बसून राहायचं नाही. पण फाटलेला पाइप, फुगलेल्या पट्ट्या, भिजलेली गादी काहीही फेकायचं नाही. प्लंबरने तो पाइप सवयीने पिशवीत टाकला होता, मी परत मागून घेतला.

सकाळी कंपनीच्या क्रमांकावर फोन करून दावा क्रमांक घेतला आणि लगेच तेच ईमेलवर लिहून पाठवलं. नुसत्या फोनवर थांबू नका. कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, असं विमा नियामकाने (आयआरडीएआय) २०२४ मध्ये ठरवून दिलं आहे. उशीर झाला तर ईमेलमध्ये याचा उल्लेख करा.

६. सर्व्हेअरशी बोलताना

पहिल्या दाव्याच्या वेळी आलेल्या सर्व्हेअरने भिंतीवर अंगठा दाबला, पोपडा हातात घेतला आणि सहज विचारलं, "ही ओल कधीपासूनची, मॅडम?" मी म्हटलं, "दोन पावसाळे झाले असतील." खरंच होतं ते. अहवालात तेच वाक्य आलं.

खोटं बोला असं मी मुळीच सांगणार नाही. खोटं सापडतं, कारण लोणा आणि बुरशी आपलं वय सांगतात. आणि सापडलं की खरा दावाही जातो. करायचं ते एवढंच की जुनं नुकसान आणि नव्या घटनेचं नुकसान आधीच वेगळं मांडायचं. दुसऱ्या वेळी माझ्याकडे ऑक्टोबरमध्ये घेतलेले भिंतींचे फोटो होते. ते दाखवून मी सांगितलं, "ही पश्चिमेची भिंत जुनी ओलीची आहे. पलंग, गादी, फ्लोअरिंग हे काल पहाटेचं."

तरीही मी अंदाजपत्रकात त्या भिंतीचा रंग घातलाच होता, ५,७०० रुपये. तो कापला गेला. पाइप आणि तो बसवायला फोडलेल्या टाइल्सचे ७,९०० रुपयेही कापले. पाण्याने झालेलं नुकसान मिळालं, मूळ बिघाडाची दुरुस्ती नाही. ६१,४०० मागितले होते, ४७,८०० मिळाले. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला रंग लावून दिला, त्याचे ८,००० माझ्या खिशातून.

७. कागदपत्रं

एका फाइलमध्ये आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवा:

- पॉलिसीची पूर्ण प्रत, फक्त पहिलं पान नव्हे
- इंडेक्स-२ (घराच्या नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, देखभालीची ताजी पावती
- आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश
- घटनेआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो, व्हिडिओ
- प्लंबरचा सही केलेला लेखी अभिप्राय, ज्यात "पाइप फुटल्यामुळे" हे कारण स्पष्ट असेल
- दुरुस्तीचं अंदाजपत्रक, नंतर पक्की बिलं
- भिजलेल्या वस्तूंची यादी आणि मिळतील तेवढी खरेदीची बिलं
- सोसायटीला दिलेल्या अर्जांच्या पोच
- पूर किंवा वादळ असेल तर तलाठ्याचा पंचनामा

कच्च्या चिठ्ठीवरचा हिशेब चालत नाही. गवंड्याला सुरुवातीलाच सांगा की सही-तारखेचं बिल लागेल. आमचा गवंडी म्हणाला, "ताई, बिल कोणी मागत नाही." मागा.

८. दुरुस्तीचा क्रम

पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूने ते अडवायचं. आतून मारलेला वॉटरप्रूफ रंग भिंतीतलं पाणी आतच कोंडतो, आणि ते पोपडा फोडून बाहेर येतं. म्हणून आधी बाहेरची भेग खोल खोदून पॉलिमर मॉर्टरने भरायची आणि बाहेरून रंग. आमच्या सोसायटीने ते काम झुला (गच्चीवरून दोरांनी लटकवलेला पाळणा) लावून केलं, तिसऱ्या अर्जानंतर.

बाथरूम फोडावंच लागलं तर नव्या टाइल्स बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावा आणि स्वतः खालच्या घरात जाऊन छत बघा. ठेकेदार घाई करतो, तुम्ही करू नका. छताचा गिलावा फुगून गंजलेली सळई दिसत असेल तर रंगाऱ्याचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनीयरचा विषय आहे.

बाहेरून पाणी थांबलं की भिंत सुकू द्या. मी गिलावा खरवडून ती दिवाळीपासून होळीपर्यंत उघडी ठेवली. पाहुण्यांसमोर वाईट दिसायचं, पण तोच रंग आजही टिकून आहे. बाहेरची कामं दिवाळीनंतर सुरू करून मृग नक्षत्राच्या आत संपवा. मे महिन्यात गवंडी मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव चढलेले असतात.

९. दावा नाकारला तर

नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते लिहिलेलं असायला हवं. ते कलम काढून वाचा. कंपनीचं म्हणणं बरोबर असेल तर तिथेच सोडा आणि सोसायटीकडे वळा, मी तसंच केलं. चूक वाटत असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

मी आता दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी कपाटं पुढे ओढते, प्रत्येक भिंतीचा फोटो काढते, गीझर आणि बेसिनचे कनेक्शन पाइप हाताने चाचपते आणि पॉलिसीची मुदत कधी संपते ते पाहते. तासाभराचं काम आहे. आईची पैठणी आता हॉलमधल्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवली आहे.